सोनोग्राफी परिषद : बातमीत न आलेला भाग

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वैद्यकीय सोनोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेविषयी आपल्या दैनिकात आलेली बातमी आणि तिच्यासोबतचा विशेष लेख वाचला. वैद्यकशास्त्राच्या एका शाखेच्या परिषदेला आपण अर्धे पान दिलेत याबद्दल प्रथम आभार. एरवी अशा परिषदांची दखल उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले एवढ्यापुरतीच घेतली जाते. मात्र त्या अर्ध्या पानातील जवळजवळ सगळी जागा खिशात मावणाऱ्या यंत्रांनी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने व्यापली होती, आणि आता कोणालाही सोनोग्राफी करता येईल असा सूर त्यात शेवटपर्यंत होता. परिषदेतील बहुतेक सत्रांना मी श्रोता म्हणून हजर होतो. तिथे ऐकलेला सूर याहून बराच निराळा, काही ठिकाणी तर नेमका उलटा होता. बातमी प्रदर्शनाच्या दालनातून आली, व्याख्यानांच्या सभागृहातून आली नाही, आणि या दोन जागी जे सांगितले जात होते त्यांत मोठे अंतर होते. ते वाचकांसमोर यावे यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या विषयाच्या परिषदा मुळात भरू लागल्या त्या यंत्रे दाखवण्यासाठी नव्हेत, तर एकमेकांची चित्रे तपासून पाहण्यासाठी. वैद्यकीय निदानातील श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या, ध्वनीवरची पहिली जागतिक परिषद १९६९ च्या जूनमध्ये व्हिएन्ना येथे झाली. डोळ्यांच्या सोनोग्राफीवर काम करणारा एक आंतरराष्ट्रीय गट त्याआधीपासून भेटत होता. त्याची तिसरी बैठक याच परिषदेला जोडून घेण्यात आली होती. दुसरी परिषद १९७३ मध्ये रॉटरडॅमला भरली आणि त्या सुमारास निरनिराळ्या देशांच्या संघटनांचा जागतिक महासंघ आकाराला आला. व्हिएन्नाच्या काळातील बहुतेक चित्रांत करड्या छटा नव्हत्या; प्रतिध्वनी आला तर ठिपका, नाही आला तर काळोख, इतकाच प्रकार असे. छटांची चित्रे सर्वत्र रुळायला सत्तरचे दशक उजाडावे लागले. अशा ठिपक्यांवरून एकाने काही निदान केले, तर दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला ते पटवून देणे सोपे नव्हते. म्हणून एकत्र बसणे ही गरज होती.

ही गरज किती खरी होती याचा धडा ऑस्ट्रियातच मिळालेला होता. कार्ल डुसिक या मज्जातंतुतज्ज्ञाने कवटीच्या आरपार ध्वनी पाठवून मेंदूचे निदान करण्याची कल्पना १९४२ मध्ये एका निबंधात मांडली, आणि पुढे मेंदूतील पोकळ्यांची चित्रे मिळवल्याचे प्रसिद्ध केले. ध्वनीचा निदानासाठी उपयोग करण्याचा तो आरंभीचा प्रयत्न, आणि त्याचे श्रेय डुसिक यांच्याकडेच जाते. परंतु १९५२ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी नुसती कवटी पाण्यात ठेवून तोच प्रयोग केला तेव्हा, आत मेंदू नसतानाही, तशीच चित्रे उमटली. मेंदूच्या पोकळ्या म्हणून जे वाचले जात होते तो हाडाच्या कमीअधिक जाडीचा परिणाम होता. या शाखेचा पाया असा दुसऱ्याचे चित्र खोडून काढण्यावर घातला गेला आहे, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. यंदाच्या परिषदेत कृत्रिम बुद्धिमत्तेवरचे जे सत्र सर्वांत उपयुक्त ठरले, त्यातही हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला जात होता : संगणक नेमके कशाकडे पाहून उत्तर देतो आहे, अवयवाकडे की चित्रात योगायोगाने आलेल्या दुसऱ्याच एखाद्या खुणेकडे? आपल्या लेखात या सत्राचा उल्लेख नाही.

दुसरी गोष्ट डॉक्टर आणि अभियंते यांच्यातील संवादाची. स्वीडनमधील लुंड येथे हृदयरोगतज्ज्ञ इंगे एड्लर यांना शस्त्रक्रियेपूर्वी हृदयाची झडप अरुंद झाली आहे की गळते आहे हे ठरवायचे होते. त्यांना भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुथ हर्ट्झ भेटले. हर्ट्झ यांनी माल्मो येथील जहाजबांधणी कारखान्यातून धातूतील दोष शोधण्याचे यंत्र सुट्टीच्या दोन दिवसांपुरते उसने आणले आणि ते स्वतःच्या छातीला लावून पाहिले. त्यातून १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये हृदयाच्या हालचालींची पहिली ध्वनिनोंद झाली. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारींत घालून बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात नेल्या. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा मोठा तुकडा पुरवला होता. पुढे टॉम ब्राऊन हा तरुण अभियंता त्यांच्याबरोबर आला, आणि सहकारी डॉक्टर जॉन मॅकव्हिकार यांच्यासह तिघांचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जून १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळातील एक रुग्ण प्रसिद्ध आहे. पोट फुगलेल्या एका स्त्रीला जठराचा हाताबाहेर गेलेला कर्करोग असल्याचे निदान झाले होते. डोनाल्ड यांच्या यंत्राने दाखवले की आत द्रवाने भरलेली मोठी गाठ आहे. शस्त्रक्रियेत बीजकोशाची निरुपद्रवी गाठ निघाली आणि ती स्त्री बरी झाली.

आज हा संवाद कोठे होतो? परिषदेत अभियंते असतात, पण ते प्रदर्शनात असतात, आणि त्यांच्या पुढे विक्री विभागाची माणसे उभी असतात. डॉक्टर सभागृहात असतात. मधल्या वेळेत चहाचा कप हातात घेऊन दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांसमोरून जातात, भेटकार्डांची देवाणघेवाण होते आणि प्रश्न तसाच राहतो. एक बारीक गोष्ट वाचकांनी जरूर लक्षात घ्यावी. प्रदर्शनात प्रात्यक्षिकासाठी तपासणी-टेबलावर झोपणारी माणसे बहुधा तरुण, सडपातळ आणि निरोगी असतात. त्यांच्या यकृताचे चित्र कोणत्याही यंत्रावर सुरेखच येते. आपल्या लेखासोबतचे छायाचित्र अशाच एका टेबलाजवळचे आहे.

सडपातळ माणसाचे चित्र का सुरेख येते हे समजून घेतले की खिशातल्या यंत्राची मर्यादाही आपोआप कळते. सोनोग्राफीचे यंत्र ध्वनीचा ठोका पाठवते, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला हे मोजते आणि त्यावरून खोली ठरवते. हे करताना ते गृहीत धरते की शरीरात ध्वनी सर्वत्र सेकंदाला १५४० मीटर या वेगाने जातो. या हिशेबाने एक सेंटिमीटर खोलीवरचा प्रतिध्वनी परतायला सुमारे १३ मायक्रोसेकंद लागतात. परंतु चरबीत हा वेग कमी असतो, हाडात दुपटीहून अधिक असतो, आणि हवा व ऊतक यांच्या सीमेवरून तर बहुतेक सगळा ध्वनी मागेच फिरतो. पोटावर चरबीचा थर जाड असला, आतड्यांत वायू भरलेला असला, की यंत्राचे गृहीतक ढळते आणि चित्र धूसर होते किंवा चक्क खोटे बोलू लागते. ध्वनीची वारंवारता वाढवली तर बारकावे दिसतात पण खोलवर पोहोचता येत नाही. कमी केली तर खोलवर जाता येते पण बारकावे जातात. ही देवाणघेवाण पदार्थविज्ञानाची आहे आणि कोणत्याही कंपनीला ती चुकलेली नाही. पारंपरिक स्फटिकांऐवजी सिलिकॉनच्या चिपवर उभारलेल्या प्रोबमुळे (प्रोब म्हणजे अंगावर टेकवायचा, ध्वनी पाठवणारा आणि प्रतिध्वनी टिपणारा भाग) यंत्र लहान व स्वस्त झाले, एकाच प्रोबने अनेक अवयव पाहणे शक्य झाले, हे मोठेच काम आहे. चरबीचा थर मात्र चिपसाठी पातळ होत नाही.

परिषदेत मला सर्वाधिक शिकायला मिळाले ते सकाळच्या पहिल्या प्रात्यक्षिकात, जिथे निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रात्यक्षिक देणाऱ्या बाईंनी मुद्दाम स्थूल आणि मध्यमवयीन स्वयंसेवक मागितला होता. प्रोब वरच्या पोटावर ठेवताच मोठ्या पडद्यावर जे आले ते राखाडी धुके होते. स्वादुपिंडाच्या जागी आतड्यातील वायूची पांढरी झळाळी आणि तिच्यामागे सावली. त्यांनी गेनच्या, म्हणजे चित्र उजळवणाऱ्या, बटणाला हात लावला नाही. करंगळी आणि तळहाताची कड रुग्णाच्या अंगावर टेकवून त्यांनी प्रोब स्थिर केला, हळूहळू दाब वाढवला आणि तो दाब तसाच धरून ठेवला, म्हणजे मधला वायू बाजूला सरकतो. मग रुग्णाला श्वास सोडायला सांगितले, पुन्हा आत घेऊन धरायला सांगितले. यकृत खाली उतरले आणि त्याच्या आडून पाहण्याची खिडकी उघडली. प्रोबचा कोन इतका थोडा बदलला की मागच्या रांगेतून तो कळलाही नसता. धुक्यातून प्लीहेकडे जाणारी शीर दिसली, तिच्या पुढे स्वादुपिंड दिसले, आणि शेपटाकडचा भाग मात्र शेवटपर्यंत दिसला नाही. तेव्हा त्यांनी सांगितले की अहवालात ‘स्वादुपिंड सामान्य’ असे लिहायचे नाही. ‘शेपटाकडचा भाग दिसू शकला नाही’ असे लिहायचे. एवढे एक वाक्य शिकवण्यासाठीसुद्धा ते सत्र भरवणे योग्य ठरले असते. जे दिसले नाही ते निरोगी आहे असे समजून लिहिलेल्या अहवालांनी रुग्णांचे किती महिने वाया जातात, हे या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे.

हात बसायला आणि नजर तयार व्हायला वेळ लागतो. तो वेळ यंत्र स्वस्त झाल्याने कमी होत नाही. उलट यंत्र महाग होते तेव्हा ते किमान अनुभवी माणसाच्या हाती तरी राहत असे. येथे कोणी म्हणेल की ही जुन्या तज्ज्ञांची मक्तेदारी टिकवण्याची भाषा आहे. तसा आक्षेप सभागृहातही घेतला गेला आणि तो सर्वस्वी निराधार नाही. फुप्फुसाचेच पाहा. हवेने भरलेला अवयव म्हणून सोनोग्राफीने त्याच्यावर फुली मारलेली होती. फ्रान्समधील अतिदक्षता विभागात काम करणारे डॅनियल लिश्टनस्टाईन यांनी, फुप्फुसाच्या चित्रातील ज्या रेषांना सगळे अडथळा समजत होते त्यांतच अर्थ शोधला आणि श्वास लागलेल्या रुग्णाच्या खाटेशी काही मिनिटांत करता येईल अशी तपासणीची पद्धत २००८ मध्ये मांडली. ती विकसित झाली आणि पसरली ती प्रामुख्याने अतिदक्षता आणि तातडीच्या विभागांतील डॉक्टरांमुळे. तेव्हा प्रोब इतरांच्या हाती जाऊ नये असे मी म्हणत नाही. फुप्फुसाची तपासणी पसरू शकली कारण तिचा प्रश्न नेमका होता, उत्तरे मोजकी होती, आणि ती शिकवण्याची शिस्तही तिच्यासोबत आली.

कृत्रिम बुद्धिमत्तेबाबतही हाच निकष लावावा. २०२४ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झांबियातील लुसाका आणि अमेरिकेतील चॅपल हिल येथे, सोनोग्राफीचे औपचारिक प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तींनी गर्भवतीच्या पोटावरून ठरावीक पद्धतीने स्वस्त प्रोब फिरवला आणि संगणकाने गर्भाचे वय काढले. चौदा ते सत्तावीस आठवड्यांच्या दरम्यान हे अनुमान प्रशिक्षित सोनोग्राफरने महागड्या यंत्रावर काढलेल्या अनुमानाच्या तोडीस तोड होते. दोन्हींतील सरासरी चूक तीन दिवसांच्या आसपास होती. जिथे सोनोग्राफर मिळतच नाही तिथे हे वरदान ठरू शकेल, कारण प्रसूतीची तारीख ठाऊक नसेल तर बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे की वाढ खुंटलेले, हेच कळत नाही. मात्र हे यश एका मोजमापाचे आहे. बाळाच्या हृदयाची रचना ठीक आहे का, वार कोठे चिकटलेली आहे, पोटात दुखते ते कशाने, हे निराळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे त्या अभ्यासाने दिलेली नाहीत, देण्याचा दावाही केलेला नाही. दावा बातम्यांमध्ये होतो.

आणखी एका अभ्यासाची चर्चा परिषदेत झाली आणि तिची एक ओळही छापून आली नाही, याचे मला खरेच नवल वाटले. काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि ग्वाटेमाला या पाच देशांच्या ग्रामीण भागांत प्राथमिक स्तरावरील आरोग्य कर्मचाऱ्यांना रीतसर शिकवून, गर्भवतींची दोनदा सोनोग्राफी करण्याची व्यवस्था उभारण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सोनोग्राफी उपलब्ध झाल्याने स्त्रिया तपासणीला अधिक येतील, रुग्णालयात प्रसूती वाढतील, मातांचे व बाळांचे मृत्यू कमी होतील, अशी अपेक्षा होती. यांपैकी काहीही घडले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या शिफारशींत चोवीस आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी सुचवली आहे आणि ती रास्तच आहे. परंतु पडद्यावर धोका दिसल्यानंतर ज्या रुग्णालयात पाठवायचे तिथे रक्त, भूल देणारा डॉक्टर आणि शस्त्रक्रियेची सोय नसेल, तर ते दिसणे कोणाच्या कामी येणार? असा निष्कर्ष मोठ्या सभागृहात, गर्दीच्या वेळी मांडला जायला हवा होता. तो मांडला गेला लहान खोलीत, दुपारच्या जेवणानंतर.

सुरक्षिततेच्या सत्राचीही तीच गत. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, त्यामुळे ती निर्धोक आहे असे सर्रास सांगितले जाते, आणि योग्य कारणासाठी योग्य माणसाने केलेल्या तपासणीपुरते ते खरे आहे. परंतु अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या आरंभी नियम बदलले तेव्हा गर्भाच्या तपासणीसाठी ध्वनीच्या तीव्रतेची कमाल मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ९४ मिलीवॉटवरून ७२० मिलीवॉटपर्यंत वाढवली गेली, आणि त्या बदल्यात पडद्यावर उष्णतेचा व यांत्रिक परिणामाचा निर्देशांक दाखवणे आले. म्हणजे सांभाळण्याची जबाबदारी यंत्राकडून ते चालवणाऱ्याकडे आली. तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात आजही दिसतो. तो पाहतो कोण, असे वक्त्याने विचारल्यावर सभागृहात जी शांतता पसरली ती पुरेशी बोलकी होती. पहिल्या तिमाहीत डॉप्लरचा (रक्तप्रवाह पाहण्याच्या, अधिक तीव्र ध्वनीच्या पद्धतीचा) वापर विनाकारण करू नये, बाळाच्या ठोक्यांची नोंद साध्या एम-मोडनेही (हालचालीची रेषेच्या रूपात नोंद करणाऱ्या पद्धतीनेही) होते, हे नव्याने प्रोब हाती घेणाऱ्यांना सांगणार कोण, याचे उत्तर खिशातल्या यंत्रांच्या एकाही दालनात मला मिळाले नाही. हौसेखातर बाळाच्या चित्रफिती काढून देणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको.

जाता जाता एक गोष्ट. दिवसभर हात उचलून प्रोब दाबणाऱ्या सोनोग्राफरांचे खांदे आणि मनगटे दुखावतात. अनेकांना त्यामुळे काम सोडावे लागते. यावर एक चांगले सत्र झाले. टेबलाची उंची, खुर्ची आणि रुग्णाला जवळ सरकवून घेण्याची सवय, इतक्या साध्या उपायांनी बराच फरक पडतो. बातमीला त्यात चमक नाही हे मान्य.

आयोजकांकडे माझ्या दोन मागण्या आहेत आणि त्या आपल्या दैनिकातून पोहोचाव्यात अशी इच्छा आहे. एक म्हणजे फसलेल्या निदानांचे सत्र. चुकलेली, हुकलेली आणि चित्राने फसवलेली प्रकरणे, रुग्णाची ओळख झाकून, मुख्य सभागृहात मांडली जावीत, आणि त्या वेळी प्रदर्शन बंद ठेवावे. दुसरी मागणी ध्वनिचित्रमुद्रणांची. परिषदेतील व्याख्याने व प्रात्यक्षिके मुद्रित होतात, पण ती नोंदणी शुल्क भरणाऱ्यांनाच आणि मर्यादित काळापुरती पाहता येतात. ज्या तरुण डॉक्टरांना आणि सोनोग्राफरांना ते शुल्क व प्रवास परवडत नाही, त्यांच्याच हाती ही स्वस्त यंत्रे सर्वांत आधी पडणार आहेत. निदान प्रात्यक्षिके आणि सुरक्षिततेवरची व्याख्याने तरी सर्वांना विनामूल्य खुली करावीत.

आपल्याकडेही एक विनंती आहे. छायाचित्राखाली ‘हे यंत्र कर्करोग ओळखते’ अशी ओळ छापली गेली आहे. यंत्र प्रतिध्वनींचे चित्र दाखवते. गाठ दिसली तरी ती कर्करोगाची आहे की नाही हे ठरवण्यासाठी बहुधा सुईने नमुना घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. ही ओळ वाचून एखादा वाचक पुढील तपासणी टाळू शकतो, म्हणून तिची दुरुस्ती त्याच पानावर आणि वाचता येईल अशा अक्षरांत छापावी. पुढच्या परिषदेला आपला प्रतिनिधी येणार असेल तर त्याला सकाळच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला बसवावे. तिथे जागा नक्की मिळेल.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त सोनोग्राफीतज्ज्ञ